पुसून बघ, मग कळेल

पत्र:

काका, मी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. मूळची अंबाजोगाईकडची. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाल्यांच्या मधोमध बसून कथा-कादंबऱ्या वाचते, त्यामुळे ‘हिची मजा आहे’ अशा नजरेनं सगळे बघतात. एका कथेवर आठ पानं लिहून दिली. सरांनी शेवटी लाल पेनानं लिहिलं, ‘हा सारांश झाला. विश्लेषण कुठे आहे?’ कवितेचं बरं असतं. यमक, वृत्त, प्रतिमा, काहीतरी हाताला लागतं. गद्यात धरायचं काय? अप्पा बळवंत चौकातनं गाईड आणलं. त्यात कथानक, पात्रचित्रण, वातावरण, भाषाशैली असे चार मथळे आहेत आणि प्रत्येक लेखकाची भाषा ‘ओघवती’ आहे. पुढच्या सोमवारी पुन्हा लिहून द्यायचंय. ता. क. आजीनं सांगितलेली एक गोष्ट मी लिहून ठेवलीय. पाठवू का?
– गोंधळलेली, सदाशिव पेठ

उत्तर:

लाल पेन बघून हबकू नकोस. मी ३१ वर्षं लाल पेनावरच पोट भरलं. मास्तर म्हणून नव्हे, एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून. त्यामुळे समीक्षेतले भारी शब्द माझ्याकडे फारसे नाहीत. गद्य कसं वाचायचं ते मला एका लेखकानं शिकवलं, तेही रागावून.

खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं हातानं जुळवून छापायचे दिवस होते. एका कथासंग्रहाची गॅली, म्हणजे छपाईआधी तपासायचा कच्चा कागद, माझ्यासमोर होती. त्यात एक वाक्य असं काहीसं होतं, ‘ती रात्रभर दारात बसून होती म्हणे.’ मला तो ‘म्हणे’ उगाच चिकटलेला वाटला. मुद्रितशोधकाचं काम मूळ प्रतीबरहुकूम जुळलंय का ते बघण्याचं, लेखकाचं वाक्य सुधारण्याचं नाही. पण तेव्हा वय लहान आणि व्याकरणाचा माज मोठा. मी ‘म्हणे’वर काट मारली. वाक्य आटोपशीर झालं म्हणून खूशही झालो. तिसऱ्या दिवशी लेखक सायकलवरून आले. गॅलीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘तुम्ही माझ्या निवेदकाला त्या दाराशी नेऊन उभं केलंत. तो तिथं नव्हता हो. त्याला कुणीतरी सांगितलंय. त्यानं स्वतः पाहिलं असतं तर तो दार उघडायला उठला असता आणि ही कथाच झाली नसती.’’

अख्ख्या कथेचं ओझं दोन अक्षरांवर होतं आणि मी तीच उडवली होती.

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. छापलेला शब्द मनातल्या मनात पुसून बघायचा. नाहीतर बदलायचा, किंवा उचलून दुसरीकडे ठेवायचा, आणि मग काय बिघडतं ते बघायचं. काहीच बिघडलं नाही तर पुढे जायचं. बिघडलं तर थांबायचं. तुझ्या सरांना हवंय ते हेच आहे. काय घडलं ते सारांशात येतं. हे असंच का सांगितलं, दुसऱ्या तऱ्हेनं सांगितलं असतं तर काय हातचं गेलं असतं, हे विश्लेषणात यायला हवं. आणि ती ‘दुसरी तऱ्हा’ नुसती मनात आणून भागत नाही, ती वहीत लिहून बघावी लागते.

करून दाखवतो. नावाजलेल्या लेखकाचा उतारा घेतला तर तू आधी त्या नावाला नमस्कार करशील, म्हणून मीच एक लिहिलाय. साधाच आहे.

‘दुपारी बाबा आले. चपला बाहेर काढल्या, पिशवी खुंटीला लावली. आईनं विचारलं, पाणी देऊ का. दे म्हणाले. पाणी दिलं. प्यायले. मग, दुकान विकलं, म्हणाले. आईनं तांब्या घासायला घेतला. तो सकाळीच घासलेला होता म्हणे. आम्ही तिघं भावंडं बाहेर ओट्यावर होतो. त्या उन्हाळ्यात आम्ही रोज संध्याकाळी पत्ते खेळायचो. बावीस वर्षांनी त्या गल्लीत गेलो तर दुकानाच्या जागी मोबाइलचं दुकान होतं.’

तू याच्यावर काय लिहिशील? माझा अंदाज असा: ‘वडील दुकान विकून घरी येतात. आई हादरते, पण बोलत नाही. मुलांना त्याचा अर्थ कळत नाही.’ यात चूक काही नाही. फक्त ‘हादरते’ हा शब्द उताऱ्यात दाखव. सापडणार नाही. तो तू आणलास. कुठनं आणलास? ते शोधायला लाग, की विश्लेषण सुरू झालं.

‘तो सकाळीच घासलेला होता म्हणे’ हे वाक्य पुसून बघ. आता आई नुसती भांडं घासतेय. रोजच्यासारखी. म्हणजे तिचं हादरणं त्या एका वाक्यात राहत होतं. आता वाक्य परत आण आणि फक्त ‘म्हणे’ पूस. आता निवेदक आत स्वयंपाकघरात आला. पण पुढच्याच वाक्यात तो बाहेर ओट्यावर आहे. मग तांब्याचं त्याला कुणी सांगितलं? आईनं स्वतः, म्हातारपणी, हसत? की आत दुसरं कुणी होतं, आजीसारखं? उताऱ्यात उत्तर नाही. पण हा दिवस पुढे घरात केव्हातरी पुन्हा बोलला गेला, एवढं त्या ‘म्हणे’नं सांगितलं. त्या घरात बोलणं अगदीच संपलं नव्हतं तर.

आता ‘दुकान विकलं’. त्याच्या आधी ‘मी’ घालून बघ. ‘मी दुकान विकलं.’ हा वेगळाच माणूस झाला, जबाबदारी अंगावर घेणारा. आपल्या भाषेत हा ‘मी’ गाळला तरी वाक्य उभं राहतं, कारण क्रियापद विकणाऱ्याच्या मागे जात नाही, दुकानाच्या मागे जातं. शाळेत कर्मणी प्रयोग पाठ केला होतास, तो इथं उपयोगी पडतो. उलट ‘बाबा आले’, ‘प्यायले’ इथं क्रियापद बाबांशी जोडलेलं आहे. येण्यात आणि पाणी पिण्यात हा माणूस आहे, विकण्यात नाही. तू म्हणशील, ‘चपला काढल्या’ यातही कर्ता नाही. बरोबर, पण तिथं तो आधीच्या वाक्यातून चालत आलाय. बाबा स्वतः जे वाक्य बोलतात, त्यात तो पहिल्यापासूनच नाही.

हे जर मी ‘भाषाशैली’ या मथळ्याखाली टाकलं तर फुकट जाईल. हे पात्रचित्रणच आहे. बाबा ‘खचलेले’ आहेत असं कुठंही न लिहिता ते एका गाळलेल्या सर्वनामात दिसतात. गाईडमधल्या चार मथळ्यांशी माझं भांडण एवढंच आहे. मथळे खोटे नाहीत, पण चार बरण्यांत भरून ठेवल्यासारखे वेगळे कधी नसतात.

वेळेचं बघ. पहिल्या आठ वाक्यांत जेमतेम पाच मिनिटं जातात. शेवटच्या एका वाक्यात २२ वर्षं. लेखक जिथं हळू चालतो तिथं त्याचं काहीतरी अडकलेलं असतं, आणि जिथं धावतो तिथंही असतं, फक्त ते त्याला दाखवायचं नसतं. कुठल्याही कथेत हे मोजता येतं. किती पानांत किती काळ गेला ते समासात लिहीत जा. कादंबरीची एक वर्षाची उडी दोन ओळींत आणि एक जेवण सहा पानांत असेल तर त्या जेवणावर ठाण मांड.

क्रियापदांचंही तसंच. ‘विकलं’ एकदाच झालं, ‘खेळायचो’ रोज व्हायचं. पत्त्यांचं वाक्य उचलून बातमीच्या आधी ठेव. नुसतं वातावरण होतं, सुट्टीतला उन्हाळा. बातमीच्या मागे आलं की त्याला धार येते. घर मोडत होतं आणि आम्ही रोज पत्ते खेळत होतो. यात मुलांचा अजाणपणा आहे की मोठ्या झालेल्या निवेदकाची बोच? मला बोच वाटते. तुला दुसरं काही वाटलं तरी चालेल, फक्त शब्दांवर बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

आणखी एक, मग उतारा सोडतो. ‘आम्ही तिघं’ असं आहे. ‘आपण तिघं’ करून बघ. निवेदक एकदम आपल्या भावाशी किंवा बहिणीशी बोलायला लागला, ‘आपण तेव्हा ओट्यावर होतो, आठवतं?’ ‘आम्ही’ म्हटल्यावर ऐकणारा घराबाहेरचा झाला. इंग्रजीला इथं एकच शब्द आहे, आपल्याला दोन आहेत. आत कोण आणि बाहेर कोण हे मराठी लेखकाला प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. मराठी गद्य वाचताना ‘तू, तुम्ही, आपण, आम्ही’ यांचा नुसता हिशेब ठेवलास तरी निम्मी नाती हाती लागतील.

बरं, उताऱ्यातला ‘मी’ म्हणजे मी नव्हे. आमच्या वडिलांचं दुकान नव्हतं, ते पोस्टात होते. हे सांगतोय कारण परीक्षेच्या वहीत ‘लेखक म्हणतो’ असं सगळे सरसकट लिहितात. आपल्या पुण्यातलंच उदाहरण घे. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः आली. लिहिणारे हरिभाऊ, सांगणारी यमू. एक पुरुष बाईच्या तोंडून तिचं आयुष्य सांगतो. हीच गोष्ट वरून बघणाऱ्या, सगळ्यांच्या मनातलं जाणणाऱ्या निवेदकानं सांगितली असती तर तो बायकांच्या हालांवरचा लेख झाला असता. यमूला सगळं कळत नाही, जे कळतं ते उशिरा कळतं, आणि त्या उशिरातच वाचक अडकतो. तेव्हा निवेदकाबद्दल पहिला प्रश्न ‘प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी’ हा विचारू नकोस. याला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि काय माहीत असून सांगत नाही, हे विचार.

हा प्रश्न परदेशी पुस्तकातून आणायची गरज नाही. तुमच्या अभ्यासक्रमात ‘लीळाचरित्र’ असेल. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या, ऐकल्या त्यांच्याकडून गोळा करून लिहिल्या. म्हणजे मराठी गद्य ग्रंथाच्या अगदी आरंभालाच ‘हे कुणी पाहिलं आणि कुणी ऐकलं’ ही काळजी आहे. माझ्या त्या सायकलवाल्या लेखकाचं घराणं जुनं होतं.

आता तुझ्या मुख्य तक्रारीकडे येतो. कवितेत काहीतरी हाताला लागतं आणि गद्यात लागत नाही. आपण रुक्ष माणसाला ‘फारच गद्य आहे बुवा’ म्हणतो, ते या शब्दावर अन्याय करणारं आहे. ‘गद्’ या धातूचा अर्थ बोलणं. गद्य म्हणजे बोलायचं. आणि संस्कृतातले जुने लोक ‘गद्यं कवीनां निकषं वदन्ति’ म्हणायचे, गद्य ही कवींची कसोटी. वृत्ताचा आधार काढून घेतला की लेखकाला लय स्वतःच शोधावी लागते. ती आहे, पण डोळ्याला दिसत नाही. कानाला कळते.

म्हणून मोठ्यानं वाच. छापखान्यात आम्ही दोघे बसायचो. एक मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, दुसरा प्रूफ तपासायचा. स्वल्पविरामसुद्धा उच्चारून वाचायचा. दिवसभर तसं ऐकलं की कुठल्या लेखकाचा श्वास कुठं तुटतो ते पाठ होतं. काही लेखकांच्या प्रती वाचताना आमच्या वाचकाला मधेच पाणी लागायचं. तू एक प्रयोग कर. लोकहितवादींची शतपत्रं १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’मध्ये छापली गेली, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला पुण्यात १८७४ मध्ये सुरू झाली. दोन्हींतलं अर्धं-अर्धं पान मोठ्यानं वाच. लोकहितवादी तुटक, चिडून, समोर बसलेल्याला झापल्यासारखे बोलतात. शास्त्रीबुवांचं वाक्य मांडी घालून बसतं, त्याला पोटवाक्यं फुटतात, क्रियापद यायला वेळ लागतो. एकाला चारचौघांत ओरडायचंय, दुसऱ्याला सभा जिंकायचीय. दोघांनाही ‘ओघवती’ म्हटलंस तर दोघेही रागावतील.

त्या ‘ओघवती’ला पुसून बघण्याची हीच कसोटी लाव. तुझ्या उत्तरातलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही लेखकाच्या नावावर जसंच्या तसं चिकटत असेल तर ते वाक्य काढून टाक. आठ पानांतली पाच याच कसोटीत जातील, असा माझा कयास आहे. जाऊ देत.

अभ्यासिकेत मोठ्यानं वाचता येणार नाही हे मलाही कळतं. ते कलेक्टर व्हायला बसलेले लोक तुला बाहेर काढतील. पर्वतीच्या पायऱ्यांवर जा, सकाळी लवकर. तिथं लोक मोठ्यानं हसतात, तू वाचलंस तर कुणी वळून बघणार नाही. पुस्तकांसाठी लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर आहे, तेही १८४८ पासूनचं. मात्र वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवू नकोस. जो उतारा घ्यायचा तो हातानं वहीत उतरवून काढ, फोटो काढून नव्हे. उतरवताना हात आपोआप चुकतो, आपल्या सवयीचा शब्द लिहितो. जिथं चुकलीस तिथं खूण कर. लेखकानं तुझ्या अपेक्षेपेक्षा वेगळा शब्द घेतला होता, हे तुझ्या हातानंच तुला दाखवलं.

सोमवारचं असं कर. अख्ख्या कथेवर लिहू नकोस. तीन जागा निवड. एक सुरुवातीची, कारण निवेदक कोण आणि कुणाशी बोलतोय हे तिथं ठरतं. एक जिथं तू वाचताना अडलीस ती, मग कारण सांगता येवो न येवो. आणि एक जिथं लेखकानं बोलायचं टाळलंय ती. प्रत्येकीवर आधी काय दिसतं ते लिही, मग बदलून बघितल्यावर काय बिघडलं ते, आणि मगच त्याचा अर्थ. माझ्या उताऱ्यावर मी असं लिहीन: ‘आई हादरली असं निवेदक म्हणत नाही. तो फक्त सांगतो की तिनं घासलेला तांब्या पुन्हा घासायला घेतला, आणि तेही ऐकीव म्हणून सांगतो. त्यामुळे आईचं दुःख वाचकाला थेट दिसत नाही, घरात पुढे केव्हातरी सांगितल्या गेलेल्या एका हकिकतीतून पोहोचतं.’ कथानक सांगायला सुरुवातीला चार ओळी पुरतात. सरांनी कथा वाचलेली असते. ‘राजा मेला, मग राणी मेली’ ही नुसती गोष्ट आणि ‘राजा मेला, मग त्या दुःखानं राणी मेली’ हे कथानक, हे इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरचं उदाहरण तुला पाठ असेलच, ते परीक्षेला ठेव.

एक सावधगिरीही सांगतो, धंद्यातली. एकदा एका दिवाळी अंकात आमच्याकडून एक ‘न’ गळला. ‘तो परत न येणार’ऐवजी ‘तो परत येणार’ असं छापलं गेलं. पुढे त्या कथेवर कुणीतरी लेख लिहिला आणि शेवटच्या आशावादाला दीड पान दिलं. लेख वाचून मी तीन दिवस जेवलो नाही. पूर्ण खरं सांगायचं तर एक दिवस. तेव्हा जिथं फार मोठा अर्थ एकाच अक्षरावर उभा राहतोय, तिथं दुसरी आवृत्ती उघडून बघ.

आणि तू अंबाजोगाईकडची आहेस हे तुझ्या पत्रात जरा अंग चोरून आलंय. पुण्यात तुझ्या ‘काय करायलास?’ला खोलीतल्या मुली हसत असतील. त्यांना ‘काय करतोयस’ एवढं एकच ठाऊक आहे. तुला दोन्ही ठाऊक आहेत. एखाद्या कथेत निवेदक प्रमाण भाषेत बोलतो आणि पात्र गावच्या भाषेत, तेव्हा लेखकानं मधे कुंपण घातलंय. आणि निवेदकच गावच्या भाषेत बोलायला लागला की कुंपण पडलं. त्या मुलींना हे पुस्तकातून शिकावं लागेल. तुझ्या कानाला ते आधीच खटकतं. हे खटकणं वहीत टीप करून ठेव.

आजीची गोष्ट जरूर पाठव. आजी जशी बोलली तशीच राहू दे, शुद्धलेखनासाठी तिचा एकही शब्द हलवू नकोस. तिच्या गोष्टीत ‘म्हणे’ किती वेळा आलंय ते मात्र पाठवण्याआधी मोज, मी माझ्याकडे वेगळं मोजीन. आणि टाइप करून पाठव बाई. निळ्या शाईतलं बारीक अक्षर आता मला भिंगाशिवाय लागत नाही.